एका सीडीत बसवलेलं लग्न

मी सीडी बोलतेय. माझ्यात एक अख्खं लग्न आहे. नवरदेवही आहे, पण त्याला चेहरा नाही.

जयनगरातल्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात नव्व्याण्णव साली माझा जन्म झाला. त्याआधी हे लग्न एका व्हिडिओ कॅसेटमध्ये होतं. बंगळूरच्या दमट हवेनं कॅसेटला बुरशी धरली, म्हणून निपाणीकडचे दोघे भाऊ ती घेऊन दुकानात आले. थोरला ज्योतिबा, लग्न त्याचंच. धाकटा पिराजी, त्याला कशाचाच दम धरवत नाही.

दुकानदार कृष्णमूर्तींनी बुरशी पुसून कॅसेट चालवून पाहिली. "तीन सीडी लागतील. नाहीतर आहेर कापतो. अर्ध्या कॅसेटमध्ये नुसती भांडीच आहेत!"

"कापू नका ओ," ज्योतिबा घाबरला. "मामाचा आहेर दिसला नाही तर मामा पुन्हा उंबरा चढायचा नाही."

"मग तीन घ्या," कृष्णमूर्ती म्हणाले.

"मधेच उठून बदलत बसायचं?" पिराजी म्हणाला. "एकातच बसवा की. दाबून बसवा."

"हे काय पोतं आहे? स्वल्प, जरा ऐका. जास्त भरलं की चित्र फुटतं. स्थिर माणूस नीट दिसेल, हलला की त्याचे चौकोन होतील."

"होऊ देत." पिराजी उठलासुद्धा.

"सरी, बरं," कृष्णमूर्ती म्हणाले. "पण कॅसेट जपा. खरं चित्र तिच्यातच राहणार."

कॅसेट जपली गेली नाही. अंबूबाईचा, म्हणजे त्यांच्या आईचा सख्खा भाऊ, तोच तो मामा, घरी आला आणि म्हणाला, "तुमच्याकडं आता सीडी आहे. हे जुनाट मला दे." ज्योतिबाला कधी कुणाला नाही म्हणता आलं नाही. मामानं कॅसेटच्या तुटक्या खिट्टीवर चिकटपट्टी लावली, म्हणजे तिच्यावर पुन्हा भरता येतं, आणि लग्नावर आपल्या नातवाच्या जावळाचं शूटिंग भरलं.

त्याच वर्षी पावसाळ्यात यशवंतपूरच्या बाजारात कांद्याच्या पोत्यांची थप्पी ज्योतिबावर कोसळली. तो तिथंच गेला.

घरात त्याचा फोटो नव्हता. लग्नात व्हिडिओ सांगितला म्हणून फोटोवाला सांगितलाच नव्हता. तेरावं झाल्यावर मला डब्यातून काढलं.

हळदीत ज्योतिबा हसत होता, मान फिरवून हळद चुकवत होता. माझ्यात नुसते पिवळे चौकोन. वरातीत तो नाचला, माझ्यात फक्त फेट्याचा रंग. त्याची बायको सत्यवती उठून आत गेली ती बाहेर आलीच नाही. अंबूबाई टीव्हीजवळ सरकली, तर लेक आणखीच फुटला.

"पिराजी, काच पूस रे."

त्यानं काच पुसली. मग मला काढून शर्टानं गोल गोल घासलं. पुन्हा लावलं, पुन्हा घासलं. घाण माझ्यावर नव्हती रे.

आहेर मात्र लख्ख! कॅमेऱ्याचा लाइट पडला की एकेक पाहुणा ताठ उभा. परातीवरची नावंसुद्धा वाचता येतात. यातले तेराव्याला किती आले? मामाच्या घरी तर कार्य होतं म्हणे.

पिराजी त्याच्याकडे कॅसेट मागायला गेला.

"आता त्यात जावळ आहे," मामा म्हणाला. "आणि सीडी आहे की तुमच्याकडं! रडतोस काय बाईसारखा?"

पिराजी घरी आला आणि मला मोडायला दोन्ही हातांत धरलं. मी वाकले.

"थांब," अंबूबाई म्हणाली. "मामाचा आहेर लाव."

"त्याचं तोंड बघू मी?"

"लाव म्हणते ना!"

मामा पितळी घागर घेऊन उभा. व्हिडिओवाल्यानं हलू नका म्हटलं असणार, कारण ज्योतिबाही घागरीला हात लावून गप्प उभा राहिला. चौकोन हळूहळू एकमेकांत मिसळले. नाक आलं. भुवया आल्या. हनुवटीवरचा लहानपणीचा व्रण आला.

"अण्णा," पिराजी म्हणाला.

आता रोज तेवढंच लावतात. त्याचं हसणं, नाचणं माझ्यात कायमचं फुटलेलं आहे. उरलाय तो मामाच्या शेजारचा. ते दृश्य आलं की पिराजी पुढे होतो, टीव्हीच्या काचेवर पंजा ठेवून मामा झाकतो आणि आईला म्हणतो, "आता बघ."

पण लावण्याआधी तो मला अजूनही शर्टानं पुसतो. ओरखडे घागरीपर्यंत आलेत. पिराजी, हात आवर रे. यापुढे फक्त ज्योतिबाचा चेहरा आहे.