खिडकीचा माटव

शाळेच्या प्रयोगशाळेतून मागून आणलेला तापमापक दुपारी चार वाजता अडतीस अंश दाखवत होता. सुनीतीनं आकडा वहीत लिहिला आणि आईच्या खाटेकडे पाहिलं. माई भिंतीकडे तोंड करून पडली होती, आठ दिवस पडायची तशीच.

कुडाळला माईच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. महिनाभर डोळ्यावर झळ येऊ द्यायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि घरमालक अप्पांनी मागच्याच वर्षी जुनी लाकडी खिडकी काढून हौसेनं ही भलीमोठी काचेची खिडकी बसवली होती, तीही पश्चिमेला, मालवण स्टँडच्या रस्त्यावर. दुपारी ऊन थेट खाटेवर यायचं. उन्हाची वेळ टळली, की एसटीतून उतरलेला प्रत्येक जण जाताजाता आत डोकावायचा.

"हिरवी पट्टी बांधून बसलंय भुतासारखी. माका कोणी बघूक नको," माई म्हणायची. सगळ्या आळीशी बोलणारी माई आता सुनीतीशीही मोजकंच बोलत होती. सुनीतीला ऊन आणि नजरा अडवायच्या होत्या, पण त्याहून जास्त, माईनं या कुशीवर वळायला हवं होतं.

पडदा लावून झाला होता. नजरा थांबल्या, पण पारा जेमतेम एक अंशानं उतरला. काचेतून आत आलेलं ऊन पडद्यानं अडवून काय उपयोग? ते काचेच्या बाहेरच अडवायला हवं, हे सुनीती नववीच्या मुलांना शिकवू शकली असती. स्वतःला सुचायला तिला आठवडा लागला. तिनं माडावर चढणाऱ्या बाबलीला निरोप धाडला: चार खांब, वीस चुडतं, खिडकीपासून दोन हात अंतर.

दुसऱ्या दिवशी सकाळची शाळा आटोपून ती घरी आली, तेव्हा काम उरकलं होतं. झावळ्या मधोमध चिरून, भिजवून विणलेली हिरवीगार चुडतं खिडकीवर छपरासारखी पुढे आली होती आणि समोरून जमिनीपर्यंत उतरली होती. आणि पहिल्या खांबाला, लग्नाच्या मांडवाला बांधतात तसा, आंब्याच्या पानांचा टाळा बांधलेला होता.

"बाबली, ह्यां काय?"

"पयल्या मेढीक टाळो बांधूचोच लागता, बाय," बाबली कोयता पुसत म्हणाला. "वैशाखातलो माटव मा?"

सुनीतीनं टाळा सोडायला हात वर केला, तोवर गडग्याच्या दगडी कुंपणापलीकडून शेजारच्या काशीबाईंनी हाक मारली.

"गो सुनीते! खंयचो गो नवरो?"

"नवरो नाय, काशीबाय. उन्हासाठी घातलंय. खिडकेक."

"खिडकेक माटव? लाजतंस कित्याक? बत्तिसाव्या वर्षी झाला तरी लगीन ता लगीनच!"

पंधरा मिनिटांत आळीतली आनंदीबाई नारळ घेऊन हजर. तिच्यामागून अप्पा आले, धोतराचा सोगा सावरत, चांगलेच रागावलेले. "माझ्या दारात माटव आणि माकाच म्हायत नाय? निदान मुलगो खंयचो, तां तरी सांगा!"

सुनीतीनं तापमापक आणून दाखवला. अंश समजावले. काच, ऊन, सावली. तिघंही मान डोलावत ऐकत होती, आणि शेवटी आनंदीबाईनं हळूच विचारलं, "पण मुलगो मास्तरच मा?"

तेवढ्यात आतून खुसखुस ऐकू आली. मग खोकल्यासारखं काहीतरी. मग चक्क हसू. डोळ्याच्या भीतीनं सुनीती आत धावली. माई या कुशीवर वळून, पट्टीवर हात धरून हसत होती.

"अप्पानू!" ती आतूनच ओरडली. "नवरो पच्छिमेचो! रोज चार वाजता येता, आंगभर तापलेलो! म्हणान त्येका माटवाभायरच उभो करून ठेवलंव!"

मग काशीबाईंचं हसणं असं फुटलं, की गडग्यावरचे कावळे उडाले. अप्पा मात्र "बरो जावय शोधलात" असं पुटपुटत गेले. नारळ आनंदीबाईनं परत नेला नाही.

त्या दुपारी चार वाजता पारा बत्तिसावर थांबला. सुनीती आकडा लिहीत असताना माई म्हणाली, "गो, चुडतात एक भोक पाड. खाटेच्या उंचीर."

"आणि पुन्हा लोक बघतील तर?"

"तूच सांग. मास्तरीण तू मा?"

सुनीतीनं विचार केला. बाहेर उजेड, आत काळोख. आतलं माणूस बाहेरचं पाहील, बाहेरच्याला आतलं दिसणार नाही. भोक अंगठ्याएवढं. "पण फक्त डाव्या डोळ्यानं, आणि ऊन फिरायच्या आधी," तिनं अट घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काशीबाई बाजाराची पिशवी घेऊन निघाल्या, आणि चुडतातून खणखणीत आवाज आला:

"काशीबाय, नव्या लुगड्यात खंय चाललंस?"

काशीबाई रस्त्यातच थबकल्या. त्यांनी माडाकडे पाहिलं, माटवाकडे पाहिलं, अप्पांच्या ओटीकडे पाहिलं. कुठेच कोणी नव्हतं.