सामानाजवळ कोण बसणार?

सहल ठरली की त्या घरात हा प्रश्न कुणी विचारायचंच नाही. उत्तर सगळ्यांना पाठ होतं. सामानाजवळ कोण बसणार? आई!

मुलगा पोस्टात होता. सगळं आखून-रेखून करायचा, म्हणून बायको त्याला ‘वेळापत्रक’ म्हणायची. समुद्राकाठचं राष्ट्रीय उद्यान, तिथल्या गुहा, किनारे, सगळं त्याने एका दिवसात कोंबलं होतं. गुहेच्या तोंडाशी, पायऱ्यांखालच्या एका सपाट खडकावर पिशव्या, चपला आणि कॅमेरा ठेवून तो म्हणाला, “आई, तुझे गुडघे दुखतात. इथंच बस. जागा सोडू नकोस हं!”

“मी कुठे जातेय बाबा?” आई हसली.

आत मात्र वेळापत्रक रमला आणि घड्याळ बघायचं विसरला. बाहेर रखवालदाराची शिट्टी कर्कश वाजली. भरती! दोघं नवरा-बायको धावत बाहेर आली. आई खडकावर उभी होती, कमरेपर्यंत पाण्यात, पिशव्या छातीशी कवटाळून.

“आई, टाक ते! हात दे आधी!”

“अरे, सगळ्यांच्या चपला आहेत यात...”

त्याने पाण्यात उडी घेतली, तिला ओढलं. मागून आलेली लाट सामान घेऊन गेली.

पायऱ्यांवर आई थरथरत होती. “रागावू नकोस रे. तुझा कॅमेरा गेला.”

तो खाली बसून तिचा ओला पदर पिळू लागला. बोलली ती बायको.

“कोण रागावणार, आई? अहो, हे गुडघ्यांचं निमित्त करतात आणि मी गप्प बसते. मोकळ्या हातांनी फिरायला मला बरं वाटतं ना!” ती नवऱ्याकडे वळली. “आपण आईंना सहलीला आणतच नाही हो. राखणीला आणतो.”

“असू दे गं. मला सवय आहे.”

“सवय आम्ही लावली, आई.”

मुक्काम एक दिवस वाढवून दुसऱ्या दिवशी ओहोटीला मुलाने आईचा हात धरला. दर थोड्या वेळाने बसत, उठत ती आत पोचली. वरच्या भोकातून उन्हाचा झोत खाली पडला होता. तिने ओल्या भिंतीला तळवा टेकवला.

“एवढं मोठं असतं होय रे आत?”

इतक्या वर्षांच्या सहलींत आईने काय काय पाहिलं नव्हतं, ते त्याला त्या एका वाक्यात कळलं. तो तोंड फिरवून उभा राहिला.

वाचकहो, “तू बस, तुला झेपणार नाही” हे आपण मायेनेच म्हणतो. पण त्यात माया किती आणि आपली सोय किती, हे एकदा तपासून पाहू या. आपल्याही घरात कुणीतरी बाहेर बसलेलं असेल. त्या माणसाला हात देऊन आत नेऊ या. गुहा एखादी कमी बघितली तरी चालेल.