सुटण्याची दिशा

माधवीने तिचाकीच्या हँडलची क्रँक टेबलावरच्या वाइसमध्ये, म्हणजे लोखंडी पकडीत, धरली, दोन्ही जबड्यांत जुन्या ट्यूबचे तुकडे घातले आणि वाइस बेताने आवळला. मग चेनपान्याची साखळी फ्रीव्हीलच्या दातांवर गुंडाळून तिने पान्याच्या दांड्यावर हातभर लांब पाइप चढवला. लांब दांड्याला जोर कमी लागतो, हे ती अमरावतीत दर वर्षी अकरावीच्या वर्गाला शिकवत असे. पाइप दोन्ही हातांनी धरून तिने घड्याळाच्या उलट दिशेने ओढला.

वाइसखालचं टेबल सरकलं.

"टेबल सुटलं," बाकावरून गुलफाम म्हणाला. "आता फ्रीविल सोडा."

त्याच्या कुबड्या बाकाला टेकवलेल्या होत्या. समोर त्याची हाताने चालवायची तिचाकी उभी होती, हँडल काढल्यामुळे छाती उघडी पडल्यासारखी. याच तिचाकीवर तो मूर्तिजापूर स्टेशनाबाहेर फुटाणे विकत असे. महिन्याभरापासून तिचं फ्रीव्हील, म्हणजे हात थांबवले की हँडल मोकळं सोडणारं दातेरी चाक, जाम झालं होतं. उतार लागला की हात थांबवले तरी हँडल गरागरा फिरत राहायचं. त्यात सापडून त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं पट्टीत होती.

"अकोल्याच्या मिस्त्रीनं काय केलं होतं?" माधवीने विचारलं.

"छिन्नी लावली. मंग म्हणे, गॅसनं तापवतो. मी म्हटलं, तापवशीन तर क्रँकचा जोड उकलन. हे श्रावणभाऊनं माह्या हाताच्या मापानं बनवली, दुसरी कुठून आणू? तो म्हणे, मंग भाऊकडंच जा. आलो."

श्रावणभाऊ, म्हणजे माधवीचे वडील, त्यांच्या सायकलदुरुस्तीच्या दुकानाच्या उंबऱ्याशी प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. तीन महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आला. उजवा हात मांडीवर ठेवलेला होता, ठेवला तिथेच राहायचा. बोलणं गेलं होतं. दुकानातलं बरंचसं सामान पोत्यांत भरून झालं होतं. उद्या सकाळी टेम्पो येणार होता. तिने अमरावतीत स्वतःच्या खोलीला लागून दुसरी खोली घेतली होती, खिडकीपाशी पलंगही टाकला होता.

तिने पुन्हा ओढलं. पाय फरशीवर घट्ट रोवले होते म्हणून तोल सांभाळला. क्रँक वाइसमध्ये किंचित फिरली आणि ट्यूबचा तुकडा फाटला. ती थांबली. वाकून क्रँकच्या जोडावरून अंगठा फिरवला. तडा नव्हता.

"भाऊ काही म्हणून राहिले," गुलफाम म्हणाला.

बाबांचा डावा हात वर आला होता. मूठ वळलेली, मनगट उजवीकडे फिरत होतं. एकदा, दोनदा. खाली आला, पुन्हा वर.

"ते आवळून राहिले," माधवी म्हणाली. "मले सोडाचं हाय."

"मंग?"

"मंग काही नाही. डॉक्टरांनी सांगतलं, असं होते. हो अन् नाही, उजवं अन् डावं, उलटसुलट होते."

"म्हणजे नाही म्हटलं तर हो समजाचं का?"

"काहीच समजाचं नाही, गुलफामभाई."

गुलफाम हसला, पण लगेच थांबला. बाबा त्याच्याकडे पाहत होते.

खुर्चीच्या पाठीला कापडी पिशवी अडकवलेली होती आणि तिच्यात वही. उपचार करणाऱ्या बाईंनी प्रश्न दिले होते. माधवी रोज सकाळी विचारायची आणि तारीख घालून उत्तर लिहायची. कंगवा कुठला? चमचा दाखवला: चूक. दार कुठे? बरोबर. डावा कान धरा. चूक. शेवटचा प्रश्न तिने स्वतः जोडला होता. बाबा, अमरावतीले येता ना? अकरा दिवस सकाळी बाबांनी मान आडवी हलवली होती. त्याच्यापुढे बरोबर लिहिता येत नव्हतं आणि चूकही. तिने अकरा प्रश्नचिन्हं टाकली होती.

तिने जोडावर डिझेलचे चार थेंब सोडले आणि ते मुरेपर्यंत खडू घेतला.

"तुमाले दाखवते," ती म्हणाली. खरं तर तिला स्वतःलाच पाहायचं होतं. टेबलावर तिने एक वर्तुळ काढलं. "सायकलच्या मागच्या चाकावर साखळी फ्रीव्हीलले पुढं ओढते. त्या ओढीनं ते रोज थोडंथोडं आवळत जाते. म्हणून काढताना उलट फिरवाचं."

"बरं."

"इथं फ्रीव्हील क्रँकवर हाय. तुमचा हात क्रँकले पुढं फिरवते अन् साखळी फ्रीव्हीलले…"

खडू थांबला. साखळी इथे ओढत नव्हती. साखळी मागे धरून ठेवत होती. हात पुढे, फ्रीव्हीलवर जोर मागे. तिने बाण काढला. तो घड्याळाच्या उलट दिशेने गेला, ती सकाळपासून ओढत होती त्याच दिशेने.

"गुलफामभाई, हे बसवून किती वर्षं झाली?"

"अकरा. बारावं चालू हाय."

"मधात कधी ढिलं झालं?"

"कधीच नाही. भाऊचं काम हाय ते."

नेहमीसारखं बसवलं असतं तर आठवड्याभरात सुटून रस्त्यावर पडलं असतं. तिने चिंधी डिझेलमध्ये बुडवून फ्रीव्हीलच्या कडेची माती पुसली, मग मागच्या बाजूला बोट घालून चाचपलं. कारखान्याच्या नावाची अक्षरं बोटाला लागली. ती आतल्या बाजूला होती. बाबांनी फ्रीव्हील पलीकडच्या बाजूने, पालथं बसवलं होतं; इकडून पाहिलं तर ते उलट दिशेने आवळलं जात होतं आणि आवळण्याच्या दिशेने सुटणार होतं.

तिने साखळी उलगडली आणि उलट बाजूने गुंडाळली. ट्यूबचा नवा तुकडा कापून जबड्यात घातला. पाइप धरला आणि उजवीकडे, आवळण्याच्या दिशेने, बाबांचं मनगट फिरलं होतं तसा, ओढला.

वाळकी काडी मोडावी तेवढा आवाज झाला. पाइप बोटभर पुढे आला. मग सहज फिरू लागला.

"अरे वा!" गुलफाम म्हणाला. "जोर तर लागलाच नाही."

फ्रीव्हील हाताने उकलून तिने टेबलावर ठेवलं. आटे स्वच्छ होते. क्रँकला ओरखडासुद्धा नव्हता. तिने मागे वळून पाहिलं. बाबांचा हात मांडीवर परत गेला होता. काम झाल्यावर ते असेच हात ठेवत.

नवं फ्रीव्हील तिने पालथं बसवलं, साखळी चढवली, हँडल ओढून पाहिलं. गुलफाम कुबड्यांवरून सीटवर सरकला. दुकानासमोरच्या उतारावर त्याने हात सोडले. हँडल जागच्या जागी राहिलं आणि तिचाकी आपली आपण खाली गेली. तळाशी जाऊन तो ओरडला, "श्रावणभाऊ! एक नंबर!"

बाबांनी डावा हात वर केला.

माधवीने हात धुतले, पिशवीतून वही काढली. कंगव्याऐवजी चमचा, डाव्याऐवजी उजवा कान. त्या चुका चुकाच होत्या. त्यांत बदल करण्यासारखं काही नव्हतं. ती शेवटच्या रकान्यापाशी आली. अकरा प्रश्नचिन्हं एकाखाली एक, तिच्याच नेटक्या अक्षरात. तिने पेन उघडलं आणि काही न लिहिता बंद केलं.

फोन वाजला. टेम्पोवाला पिंटू होता.

"मॅडम, उद्या सातलेच येऊ ना? पोतेच हाय का खाट बी हाय?"

माधवीने पोत्यांकडे पाहिलं. मग स्टूल ओढून ती खुर्चीसमोर बसली. बाबांचा चेहरा तिच्या चेहऱ्याच्या पातळीवर आला. तिने फोन स्पीकरवर टाकला.

"हॅलो? मॅडम? येऊ का नाही?"

"थोडं थांब, पिंटू," ती म्हणाली आणि फोन बाबांसमोर धरला. "आता बाबांले विचार. सावकाश विचार."