बंद लॅबपुढच्या मुली

किमया सुपेकर मध्य प्रदेशात देवासला बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होती. बारावीच्या केमिस्ट्रीचे छोटे छोटे व्हिडिओ करून ती इन्स्टाग्रामवर टाकायची. बोलायची हिंदीत, आणि हसवायचं असेल तेव्हा तिथल्या माळवी बोलीत. घरात मात्र मराठी. तिचे बाबा योगेंद्र औषधांच्या कारखान्यातल्या लॅबमध्ये नोकरीला होते. त्यांना हे व्हिडिओ फारसे पसंत नव्हते. "अगं, आधी आपली पढाई कर. मास्तरीण व्हायची इतकी घाई कसली?" असं म्हणायचे, आणि उजेड नीट पडावा म्हणून टेबलावरचा दिवाही सरकवून द्यायचे.

एक दिवस मोना डावर नावाच्या मुलीचा मेसेज आला. धार जिल्ह्यात गंधवानीच्या पलीकडे एका गावात, सरकारी शाळेत ती बारावीला होती. "दीदी, किताब में लिखा है, आखिर में घोल हल्का गुलाबी हो जाता है. हल्का मतलब कितना हल्का?"

किमया उत्तर लिहायला बसली आणि अडकली. तो रंग तिनं कितीदा पाहिला होता, पण सांगायचा कसा? शेवटी कॉलेजच्या मॅडमना विचारून तिनं अख्खा प्रयोगच मोबाइलवर टिपला. ब्युरेटच्या लांब काचनळीतून जांभळे थेंब गरम फ्लास्कमध्ये पडत होते, पडताच त्यांचा रंग उडत होता. मग एका थेंबानंतर रंग टिकला. "बस, इतना," किमया व्हिडिओत म्हणाली. "एक बूंद और, तो गया काम से!"

मोनाचं उत्तर लगेच आलं. "पहली बार देखा, दीदी. हमारे यहाँ लॅब है, पर ताला लगा है."

किमयानं तिला फोनच लावला. केमिस्ट्रीचे सर बदलून गेल्यापासून ती खोली उघडलीच नव्हती. प्रॅक्टिकलच्या वह्या मुली पुस्तकातून उतरवून काढत होत्या. किमयाचा संताप झाला. "मैं अभी डालती हूँ इस पर व्हिडिओ. सबको पता चलना चाहिए."

"नहीं दीदी," मोना म्हणाली. "स्कूल हमारा है. हम बोलेंगे."

मग मुलींनी केलेला व्हिडिओ पाहून किमया थक्क झाली. वर्गातल्या मुली लॅबच्या कुलूपबंद दारापुढे रांगेत उभ्या होत्या. एकेक जण पुढे येत होती, आपलं नाव सांगत होती आणि पुस्तकात वाचलेला, पण कधीच न पाहिलेला एक प्रयोग सांगत होती. पायऱ्या, काळजी, निष्कर्ष, सगळं तोंडपाठ. कोणावर राग नाही, घोषणा नाही. शेवटी मोना म्हणाली, "हमको सब याद है. बस एक बार करके देखना है."

मुलींनी आपल्या पेजवर टाकलेला तो व्हिडिओ किमयानं स्वतःच्या पेजवरही घेतला. दोन-चार दिवसांत कुक्षीच्या एका शाळेतल्या पोरांनी आपल्या बंद लॅबपुढे तसाच व्हिडिओ केला. मग निसरपुरहून आला. देवासचे, धारचे कॉलेजवाले "भिया, ये तो हमारे यहाँ भी था" म्हणत तो पुढे पाठवू लागले.

मग मोनाच्या शाळेच्या प्राचार्यांचा किमयाला फोन आला. आवाज चढलेला. शाळेची बदनामी झाली, व्हिडिओ काढून टाका, नाहीतर मुलींना त्रास होईल. किमयानं फोन ठेवला आणि बाबांना सगळं सांगितलं.

"डिलीट कर," बाबा म्हणाले. "तू इथे देवासला बसलीयेस. भोगावं लागेल त्या पोरींना."

ते तिलाही पटलं. तिनं मोनाला कळवलं, की व्हिडिओ काढते आहे. पलीकडून मोना शांतपणे म्हणाली, "दीदी, आपको डर लगता है तो हटा दो. हमारे पेज पर रहेगा. मेरी माँ ने भी देखा, गाँव में सबने देखा. अब कोई हमको अकेला समझकर नहीं डाँट सकता."

फोन स्पीकरवर होता. बाबाही ऐकत होते. त्यांनी तो व्हिडिओ मागून घेतला आणि पुन्हा पुन्हा पाहिला. मग एकदम म्हणाले, "खोली उघडतील तेव्हा आतल्या बाटल्यांना हात लावू नका म्हणावं. जुनी रसायनं आहेत, लेबलं गळली असतील. ॲसिड कुठलं, पाणी कुठलं, कळायचं नाही."

"तुम्हीच सांगा ना त्यांना," किमया म्हणाली. व्हिडिओ तिनं तसाच राहू दिला.

पुढच्या आठवड्यात व्हिडिओची दखल घेऊन धारहून शिक्षण खात्याचे अधिकारी शाळेत जाणार असं कळलं. बाबांनी सुट्टी टाकली आणि दोघं बसनं निघाले.

कुलूप गंजलं होतं, ते तोडावंच लागलं. दार उघडताच उग्र वास आला. अधिकारी फोटोसाठी पुढे सरसावले. "साहब, रुकिए!" बाबा इतक्या जोरात ओरडले, की सगळे जागीच थांबले. खिडक्या उघडून वारा खेळू दिल्यावर ते हातमोजे चढवून एकटेच आत गेले. बिनलेबलाच्या बाटल्या त्यांनी बाजूला काढल्या आणि त्यांचं काय करायचं ते अधिकाऱ्यांना समजावलं. मुली खिडकीतून बघत होत्या. मोनानं फोन वर धरून सगळं लाइव्ह चालू ठेवलं होतं. मधेच ती ओरडली, "अंकल, कुक्षीवाले पूछ रहे हैं, दस्ताने नहीं हैं, खाली चश्मे से काम चलेगा क्या?" बाबांनी आतूनच सविस्तर उत्तर दिलं.

प्राचार्य व्हरांड्यात उभे होते. किमया जवळ गेली तेव्हा ते हळू आवाजात म्हणाले, "मैं इतिहास पढ़ाता हूँ, बेटा. कहीं किसी बच्ची का हाथ जल गया तो, इसी डर से ताला लगवाया था. फिर किसी ने पूछा ही नहीं." मग म्हणाले, "फ़ोन पर मैं ज़्यादा बोल गया."

महिन्याभरात शाळेला केमिस्ट्रीच्या अतिथी, म्हणजे तात्पुरत्या, शिक्षिका मिळाल्या. कुक्षीचीही लॅब उघडली. निसरपुरची अजून उघडलेली नाही. तिथली मुलं दर सोमवारी दारापुढे उभी राहून नवा व्हिडिओ टाकतात, आणि मोनाचा सगळा वर्ग तो पुढे पाठवतो. मोना बारावी पास झाली. धारच्या कॉलेजात तिनं बीएस्सीला नाव घातलं.

परवा प्राचार्यांचा किमयाला पुन्हा फोन आला. नववीची मुलं लॅबच्या खिडकीला चिकटून बसतात, वर्गात जातच नाहीत, अशी त्यांची तक्रार होती. "उनको क्या दिखाऊँ, जिसमें कोई ख़तरा न हो?" त्यांनी विचारलं. "और ज़रा आसान रखना. पहले मुझे भी समझना पड़ेगा."

किमया हसली. "सर, काग़ज़-पेन लेकर बैठिए," ती म्हणाली आणि बाबांना हाक मारली.