सुंभ वळणारे हात

अठ्ठावन्न साली होडी उलटली तेव्हा दोघे भाऊ बरोबर होते. देवबागच्या किनाऱ्याला लागला तो एकटा धाकटा गुरुदास, डोक्याला खोक पडलेला. लवूला समुद्राने ठेवून घेतलं.

जखम भरली, पण गुरुदासच्या डोक्यात नवं काही टिकेना. जुनं सगळं आठवे. रोज सकाळी तो लवूच्या बायकोला, सुभद्राला विचारी, "वयनी, दादा खंय गेलो?"

सुभद्राला संशय येई. होडीवर काय घडलं ते सांगायला नको, म्हणून तर हे सोंग नसेल?

बसून खाणारा माणूस परवडत नव्हता. तिने त्याला काथ्याचं सुंभ वळायला बसवलं. "मी ह्या काम कधी करूक नाय," तो रोज म्हणे. पण पावसाळा सरता सरता त्याचं सुंभ तिच्याइतकं घट्ट यायला लागलं.

"खोटारडो! डोक्यात काय रवणा नाय, मगे हात कशे शिकले?"

ती त्याला ओढतच मालवणला डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, "मेंदूतल्या पेशी एकमेकींना जोडलेल्या असतात. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा केली की ते जोड पक्के होत असावेत. त्याची आठवणींची जागा दुखावली असेल. हातांची जागा वेगळी असावी."

"असावी? म्हणजे तुम्हालाही नक्की माहीत नाही."

"नाही," डॉक्टर म्हणाले.

तिचा संशय तसाच राहिला. गुरुदासने विचारलं की ती त्याच्या डोळ्यांत रोखून बघत सांगे, "बुडालो. तुझ्याच होडयेतसून." तो दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखा कोसळे. नाटक बरं जमलंय, असं तिला वाटे.

एका दुपारी ती काथ्या घेऊन अंगणात आली. तो काही विचारायच्या आत, ती काही बोलायच्या आत, तो मागे सरला. डोळे भरले होते.

"कित्याक रडतस रे?"

"ठावक नाय गो वयनी. तू इलंस काय माका भिया वाटता." मग डोळे पुसून त्याने विचारलं, "दादा खंय गेलो?"

सुभद्राने हातातला काथ्या खाली ठेवला. सुंभासारखंच हे भयही तिनेच त्याला शिकवलं होतं, रोज, न चुकता.

"देवगडाक गेलो हा," ती म्हणाली. "येतलो."

तो हसला आणि काथ्या ओढून घेतला. होडीवर काय घडलं ते तिला कधीच कळलं नाही. मनात किंतु राहिला, पण देवगडचं उत्तर तिने बदललं नाही. दिवाळीपर्यंत तिची चाहूल लागली की तो सरकून तिला बसायला जागा द्यायला लागला.