मोठ्या दंडाचा पट्टा

मित्रांनो, रक्तदाब मोजताना दंडाला गुंडाळतात ना, तो पट्टा मी. जुना आहे आणि चांगला रुंद आहे. माझ्या रुंदीला हसू नका हं, सगळी गोष्ट तिच्यावरच उभी आहे!

कारखान्यात मला शिवलं तेव्हा अंगावर दोन पांढऱ्या रेघा ओढल्या. जाड दंडालाच मला बांधायचं, अशी ती खूण. दवाखान्यात आलो तेव्हा आठवडाभर काय कौतुक झालं माझं! पण यंत्राला नेहमीचा पट्टा कायम जोडलेला. त्याची नळी काढा, माझी लावा, एवढा खटाटोप कोण करणार? माझी रवानगी झाली खालच्या खणात, कापसाच्या गुंडाळीखाली. सहा वर्षं!

मग एका सकाळी बेकरीवाल्या काकू आल्या. तीस वर्षं पीठ मळून कमावलेले दंड त्यांचे! सोबतची लेक रडकुंडीला आलेली.

"डॉक्टर, आई काल भट्टीपुढे चक्कर येऊन पडली हो. थोडक्यात वाचली. मी बेकरीची किल्लीच काढून घेतलीय."

"आणि मी घरी बसून काय माशा मारू?" काकू मोठ्याने म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी नेहमीचा पट्टा बांधला. चर्रर्र! सुटला. पुन्हा बांधला, पुन्हा चर्रर्र! शेवटी त्यांनी तो हाताने दाबून धरला. आकडा आला एकशे साठ. तीन गोळ्या चालू असताना! त्यांनी चौथी लिहायला पेन उघडलं. मी खणात नुसता तडफडत होतो. अहो, मी इथे आहे ना!

तेवढ्यात काकू म्हणाल्या, "बाई, राग मानू नका. मोठ्या पावाचं पीठ लहान साच्यात कोंबलं तर ते बाहेरच येणार. तुमच्याकडे मोठा साचा नाही का?"

पेन थांबलं. खण उघडला. काय सांगू, हवा भरायच्या आधीच मी फुगलो!

बसून मोजलं, एकशे अडतीस. उभं करून मोजलं, एकशे चार! म्हणजे तोकडा पट्टा आकडा चढवून सांगत होता, त्यापायी गोळ्या वाढत होत्या, आणि उभं राहताच दाब कोसळून काकूंना चक्कर येत होती.

"चूक माझी, काकू," डॉक्टरीणबाई सरळ म्हणाल्या. चौथी गोळी लिहिलीच नाही. चालू होत्या त्यांतली एक कमी केली आणि बजावलं, "आपल्या मनाने काही बंद करायचं नाही. महिनाभर भट्टीपाशीही जायचं नाही."

महिन्याने काकू आल्या त्या बाही वर करूनच. "आधी माझा पट्टा काढा!" बसून बरोबर, उभं राहूनही बरोबर. लेकीने पर्समधून किल्ली काढली आणि आईच्या हातात ठेवली.

आता मी खणात नसतो, टेबलाशेजारी लटकतो. मित्रांनो, एकच विनवणी. आधी दंड बघा, मग पट्टा उचला. सहा वर्षं अंधारात पडून राहिलो, त्याचं मला काही वाटत नाही. पण त्या सहा वर्षांत वर टेबलावर कितीदा चर्रर्र झालं, ते मी सगळं ऐकलंय.