खिडकीजवळचं टेबल

थोरलीचं सगळं छान चाललं होतं, आणि तेच तिचं दुखणं होतं. नवरा धडधाकट, मुलं मार्गाला लागलेली, दात सगळे स्वतःचे. अशा बाईचं कौतुक कोण करणार?

कौतुक व्हायचं ते धाकट्या जावेचं. तिचा नवरा ऐन उमेदीत गेला. पाठोपाठ सासऱ्यांच्या बाइंडिंगच्या कारखान्यात, कटिंग मशीनखाली, तिच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. वर्षभरात ती डाव्या हाताने पुस्तकं शिवायला बसली. शिवण अशी, की पान फाटेल पण टाका हलणार नाही. गिऱ्हाइकं दारातूनच विचारत, "त्या बाई आहेत ना?" थोरली समोरच बसलेली असे. दहाच्या दहा बोटं शाबूत असूनही ती नुसती "अहो, जरा" होती.

त्यात मामंजींनी जाहीर केलं, की पहिल्या तारखेपासून आपण घरी बसणार. म्हणजे त्यांचं खिडकीजवळचं टेबल रिकामं होणार. कारखान्यात खरा उजेड तेवढाच. बाकी सगळीकडे उचक्या देणारी ट्यूबलाइट. त्या टेबलावर बसेल तो मुख्य, हे कुणी सांगायला नको होतं. थोरलीचा त्यावर वीस वर्षांपासून डोळा होता. आता ते जाणार दोन बोटं कमी असलेल्या हाताला!

तिने देवाकडे मागणं मागितलं. "मलाही एखादं संकट दे. फार मोठं नको. लोकांना दिसेल एवढं."

देवाने चार दिवसांत दिलं. मनःशांतीवरच्या एका पुस्तकाच्या साठ प्रती शिवायला आल्या होत्या. थोरलीचे हात शिवणीवर आणि डोळे धाकटीवर. तिसऱ्या फर्म्याचा, म्हणजे सोळापानी घड्यांचा, गठ्ठा तिने टेबलावर उलटा ठेवला, आणि ती सोळा-सोळा पानं साठही प्रतींत डोक्यावर उभी राहिली.

मामंजींनी एक प्रत उघडली. मग दुसरी. "थोरले," ते म्हणाले, "मनःशांतीसाठी वाचकाला शीर्षासन करायला लावलंस गं."

थोरलीच्या डोळ्यांत पाणी आलं. संकट दिसत होतं खरं, पण कौतुक कुणीच करेना.

धाकटी स्टूल ओढून शेजारी बसली. "सरका, जाऊबाई. तीस तुम्ही उसवा, तीस मी."

"हसून घे, हस."

"हसतेच आहे. पुठ्ठे चिकटवायच्या आधी कळलं, केवढं नशीब!"

"तुला प्रत्येक गोष्टीत नशीब कसं दिसतं गं?" थोरली फणकारली. "राग म्हणून येत नाही?"

"येतो ना. रोज सकाळी येतो." धाकटीने सुई उजेडाकडे धरली. "डाव्या हाताने दोरा ओवायला मला पाच मिनिटं लागतात. तेवढ्यात देवाशी कडकडून भांडून घेते. माझीच बोटं दिसली का, माझाच नवरा दिसला का, सगळं विचारते. मग दोरा जातो. गेला की म्हणते, बरं बाबा, आभारी आहे. मग कामाला लागते."

तिसऱ्या प्रयत्नात दोरा गेला. धाकटीचे ओठ हलले.

पहिल्या तारखेला मामंजींनी चष्मा डबीत घातला आणि टेबलावर हात ठेवला. "इथे थोरली बसेल."

थोरलीचा विश्वास बसेना. "मी?"

"धाकटी काय, अंधारातही शिवते. तिला कुठेही बसवा. खिडकीची गरज तुला आहे, बाई."

धाकटीने जावेचं सामान आनंदाने उचलून खिडकीपाशी आणून दिलं. थोरली ऐटीत बसली. सुई घेतली. लख्ख उजेडात दोरा एका झटक्यात आत गेला. भांडायला सवडच मिळाली नाही, मग आभार तरी कशाचे मानायचे?

तिने मागे वळून पाहिलं. कोपऱ्यात, उचक्या देणाऱ्या ट्यूबलाइटखाली, धाकटी सुई डोळ्यांजवळ धरून कुणाशी तरी मन लावून भांडत होती.

थोरलीचा जळफळाट झाला. तिने ओवलेला दोरा हळूच काढला आणि सुई डाव्या हातात घेतली.